एन स्केलमध्ये बोरघाट : आधी दरी, मग रूळ

प्रश्न थोडक्यात असा आहे : ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये एका भिंतीलगत बारा फूट लांब आणि दोन फूट खोल जागा आहे, दोन्ही टोकांना आणखी फूट-सव्वा फूट पुढे येता येईल. एन स्केलमध्ये, म्हणजे लहान मापाच्या मॉडेल रेल्वेत, खंडाळ्याचा घाट (बोरघाट) करायचा आहे. बोगदे, कमानी पूल, पावसाळी धबधबे आणि मागून ढकलणारी बँकर इंजिनं, सगळं हवंय. प्लायवर रूळ टाकून वर थर्माकोलचे डोंगर उभे करावेत का, की याची काही वेगळी पद्धत आहे?

पद्धत वेगळी आहे, आणि ती प्लाय कापण्याआधीच ठरवावी लागते. सपाट प्लायवर रूळ आणि त्यावर डोंगर, असं केलं की कितीही मेहनत घ्या, ते टेबलावर ठेवलेले ढीगच दिसतात. लोणावळ्याला जाताना खिडकीत बसून काय दिसतं ते आठवा. एका बाजूला हाताला लागेल असा कातळ, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचं खोरं. गाडी डोंगराच्या पायथ्याशी नसते आणि माथ्यावरही नसते, ती कड्याच्या कंबरेला बिलगून चाललेली असते. घाटाची निम्मी उंची रुळाच्या खाली असते. ती निम्मी उंची मॉडेलमध्ये आणायची, तर रुळाखाली सपाट फळी असून चालणारच नाही.

आधी मापं बघू, म्हणजे कशाला कात्री लावायची ते कळेल. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. एन म्हणजे १:१६०, तेव्हा हे अंतर मॉडेलवर १७५ मीटर होतं. घाटाची एकूण चढण १,८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर. १६० ने भागलं तर साडेतीन मीटर, तुमच्या छताच्याही वर. सगळा घाट कुणालाच करता येत नाही. लांबी कापायची, उंची कापायची, पण चढ कापायचा नाही. बोरघाटाचा कमाल चढ ३७ ला १ आहे आणि तो एन स्केलमध्ये जसाच्या तसा चालतो. कमी जागेत जास्त उंची गाठायच्या हौसेने लोक २५ ला १ करतात. मग इंजिन घसरतं, चार डब्यांच्या वर काही ओढत नाही, आणि दिसायलाही ते जत्रेतल्या पाळण्यासारखं दिसतं. ३७ ला १ चढावर लांब गाडी हळूहळू वर सरकताना बघितली की घाट पटतो.

तुमच्या जागेसाठी मी दोन्ही टोकांना फुगीर आणि मध्ये चिंचोळा असा डंबेलच्या आकाराचा आराखडा सुचवीन. टोकांची खोली ९५ सेंटिमीटर, मधला भाग ६०. डाव्या टोकाला वळसा घेऊन रूळ पुढच्या कडेने चढत उजवीकडे जातो, उजव्या टोकाच्या डोंगरात शिरून वळतो आणि मागच्या बाजूने उतरत परत येतो. खरं तर हा एकच अखंड रूळ, पण बघणाऱ्याला तो घाटातला दुहेरी मार्ग दिसतो : एका रुळावर गाडी चढतेय, दुसऱ्यावर उतरतेय. डावीकडे कर्जत, उजवीकडे खंडाळा. दोन्ही टोकांची वळणं डोंगरात लपवायची आणि तिथे जादा रूळ टाकून गाड्या थांबवायची सोय करायची. मळसूत्री चढाची गरजच उरत नाही.

बारा फुटांत दोन टोकांच्या वळणांच्या केंद्रांमध्ये २.७ मीटर मिळतात. भागिले ३७ म्हणजे ७३ मिलिमीटर. चढ सुरू होताना आणि संपताना पंचवीस-तीस सेंटिमीटरचा हलका संक्रमणाचा भाग हवा, नाहीतर तिथेच कपलिंग सुटतात. तो वजा जाता हाताशी ६५ मिलिमीटर राहतात, खऱ्या मापात दहा मीटर. हे कमी वाटेल, पण उंचीचा भास रूळ देत नाही, दरी देते. रुळाखाली ३५ सेंटिमीटर दरी आणि वर ४० सेंटिमीटर डोंगर मिळून ७५ सेंटिमीटर, म्हणजे खरे १२० मीटर. नजर तिकडे जाते.

दोन्ही रूळ सगळीकडे शेजारी-शेजारी, एका पातळीत ठेवू नका. मागचा रूळ दीड सेंटिमीटर वर घ्या. टोकाच्या वळणाची लांबी १.३ मीटरच्या वर असल्याने हा फरक तिथे सहज मुरतो. मधे एके ठिकाणी दोघांच्या मध्ये कातळाची एक सोंड येऊ द्या, पुढचा रूळ सोंडेला वळसा घालील आणि मागचा बोगद्यातून जाईल. बोरघाटात रूळ असेच एकमेकांपासून दूर जातात आणि पुन्हा जवळ येतात. मागचा रूळ पुढे आणताना जे उलटसुलट वळण पडतं, त्याच्या मध्ये किमान एका डब्याच्या लांबीचा सरळ रूळ टाका.

आता वळणाची त्रिज्या. खऱ्या घाटातलं वळण ३०० मीटर त्रिज्येचं धरलं तरी मॉडेलवर ते पावणेदोन मीटरच्या पुढे जातं, तेव्हा इथे तडजोड अटळ आहे. आयसीएफ डबा, म्हणजे आपला नेहमीचा जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा, बफरपासून बफरपर्यंत २२.३ मीटर, म्हणजे मॉडेलवर १३९ मिलिमीटर. डब्याच्या तिप्पट त्रिज्या घेतली तर गाडी डौलदार दिसते, म्हणून ४२० मिलिमीटर. बाजारात २८२ मिलिमीटरचे तयार तुकडे मिळतात आणि डबे त्यावरून जातातही, पण हिशेब करून बघा. डब्याखालच्या दोन बोगींच्या, म्हणजे चाकांच्या दोन गाड्यांच्या, केंद्रांतलं अंतर ९२ मिलिमीटर आहे. ४२० च्या वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला अडीच मिलिमीटर सरकतो आणि टोकं बाहेर पावणेतीन मिलिमीटर येतात. २८२ च्या वळणावर हेच आकडे पावणेचार आणि चार होतात. त्यात आपले डबे रुंद : ३.२४५ मीटर, मॉडेलवर वीस मिलिमीटर. युरोपातले डबे एवढे रुंद नसतात, त्यामुळे परदेशी पुस्तकांतली अंतरं आपल्याला पुरत नाहीत. दुहेरी रुळात वळणावर मध्यापासून मध्यापर्यंत ३३ मिलिमीटर ठेवा. बोगद्याचं तोंड करण्याआधी सर्वांत लांब डब्याला पेन्सिलीचं टोक चिकटवून तो वळणावरून हाताने फिरवा, डबा किती जागा घेतो ते कागदावर उमटतं.

रुळाच्या गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांतल्या अंतराबद्दल, एकदाच सांगतो. एनचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. १६० ने गुणलं की १,४४० मिलिमीटर, म्हणजे जगभरचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६, त्यासाठी साडेदहा मिलिमीटर लागले असते. तो रूळ तयार मिळत नाही आणि हाताने घातला तर सगळी चाकंही बदलावी लागतात. ९ मिलिमीटर स्वीकारा आणि पुढे चला. बाजूने बघताना फरक कळत नाही. रूळ मात्र कोड ५५ चे, म्हणजे कमी उंचीचे, घ्या, जाड रुळाची उंची एवढ्या लहान स्केलमध्ये डोळ्यांत खुपते. आणखी एक : जपानी मॉडेलं बहुधा १:१५० ची आणि ब्रिटिश १:१४८ ची असतात. एकाच गाडीत ती मिसळू नका.

सांगाड्यासाठी उघडी चौकट करा. ७५ बाय २५ मिलिमीटरच्या पट्ट्यांची चौकट, त्यावर उभे ठोकळे, आणि ठोकळ्यांवर फक्त रुळापुरती कापलेली १२ मिलिमीटर मरीन प्लायची वळणदार पट्टी. बाकी सगळी पोकळी. जिथे दरी हवी तिथे पुढची आडवी पट्टीच खाली उतरवायची. रुळाची उंची जमिनीपासून १२५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. उभं राहिल्यावर नजर किंचित वरून पडते, स्टुलावर बसलात की दरीतून वर बघता येतं. ठाण्याच्या हवेत साधा प्लाय पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, म्हणून मरीन प्लाय आणि सगळ्या कडांना, खालच्या बाजूलासुद्धा, रंगाचा हात. रुळाच्या धातूचंही तेच : चार मीटर रूळ वीस अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेव्हा थंडीत रूळ टाकलात तर सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडा. सगळे सांधे सोल्डर करून टाकले की मे महिन्यात रूळ नागमोडी होतो.

रूळ कायमचा चिकटवण्याआधी एक चाचणी जरूर करा. दोन मीटरची फळी घ्या, एका टोकाखाली ५४ मिलिमीटरचा ठोकळा द्या, हा झाला ३७ ला १. त्यावर रूळ ठेवून तुमचं इंजिन किती डबे ओढतं ते बघा. मग फळीऐवजी तोच चढ ४२० च्या वळणावर करून बघा, संख्या लगेच घटते, कारण वळणावरचं घर्षण चढात भर घालतं. म्हणूनच टोकांची लपलेली वळणं शक्य तितकी सपाट ठेवायची. चाचणीत आलेल्या संख्येवरून घाटातल्या गाडीची लांबी ठरवा. मनातल्या लांबीवरून चढ ठरवू नका.

बँकरबद्दल तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला, कारण घाटाचा प्राण तोच आहे. कर्जतला गाडीच्या शेपटाला दोन-तीन इंजिनं लागतात आणि घाट चढून वर आल्यावर ती सुटतात. मॉडेलमध्ये हे चालवताना मोठा धोका मधल्या डब्यांना असतो. पुढून ओढलं तर हलके डबे वळणाच्या आत कलंडतात, मागून जास्त ढकललं तर बाहेर उडतात. उपाय दोन. पहिला, सगळ्या डब्यांचं वजन सारखं करा. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा एन स्केलचा नियम अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस असा आहे, आपल्या १३९ मिलिमीटरच्या डब्याला तो ३७ ग्रॅम येतो. डब्याच्या तळाला शिशाच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या लावून काट्यावर तोला. दुसरा, पुढच्या आणि मागच्या इंजिनांचा वेग जुळवा. डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणारी डिजिटल पद्धत) असेल तर इंजिनाच्या सीव्ही, म्हणजे सेटिंग, २, ६ आणि ५ मधले सुरुवातीचे, मधले आणि कमाल वेगाचे आकडे बदलून बँकर पुढच्या इंजिनापेक्षा केसभर हळू ठेवा. गाडी ताणलेली राहते, डबे एकमेकांवर चढत नाहीत. साध्या डीसीवर चालवणार असाल तर दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं इंजिन लावा.

आणि कॅच सायडिंग विसरू नका. ठाकुरवाडी, मंकी हिल ही नावं घाटात फिरणाऱ्यांना माहीत असतात. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन उलट्या चढावर थांबवायचं, यासाठी ती फाट्याची लाइन असते. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा पॉइंट, एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबायचं, गाडी ताब्यात आहे हे दाखवायचं, मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. तुमच्या उतरत्या रुळावर एक असा फाटा ठेवा, ४० सेंटिमीटर लांब, उलटा चढत जाणारा आणि टोकाला वाळूत पुरलेला. गाडी उतरते, थांबते, सांधा फिरतो, गाडी पुढे जाते. लहान लेआउटवर गाड्या नुसत्या गोल फिरवून कंटाळा येतो. या एका थांब्याने चालवणाऱ्याला काम मिळतं, आणि तेही घाटातलं खरं काम.

काळ कोणता, हेही आत्ताच ठरवा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये काम सुरू केलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. मूळ मार्गावर २५ बोगदे होते, आणि खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं : गाडी एका बंद टोकात शिरायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. १९२९ मध्ये विद्युतीकरणाबरोबर मार्ग बदलला आणि ते स्टेशन गेलं. तुमची जागा याहून कमी असती, समजा सात-आठ फूट, तर मी तुम्हाला बिनदिक्कत १९२९ च्या आधीचा काळ घ्यायला सांगितला असता, कारण रिव्हर्सिंग स्टेशन असलं की टोकाला वळसा लागतच नाही आणि त्याच भिंतीवर दुप्पट चढ मिळतो. बारा फुटांत विजेचा काळ चांगला. १९३० च्या जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली, मालगाड्यांना १९२८ पासूनची ‘खेकडा’ टोपणनावाची विजेची इंजिनं होती, आणि १,५०० व्होल्ट डीसीच्या जाड तारा व जाळीदार खांब या शतकातही काही वर्षं टिकले. भारतीय गाड्यांची तयार एन मॉडेलं जवळजवळ मिळतच नाहीत. परदेशी इंजिनाची चासी घ्यायची आणि वरचं कवच थ्रीडी प्रिंट करून घ्यायचं, हाच चालू मार्ग आहे. स्वित्झर्लंडच्या क्रोकोडाइल इंजिनाचं एन मॉडेल मिळतं आणि ते खेकड्याच्या जवळ जातं, पण त्याला पुढे-मागे छोटी जादा चाकं असतात, खेकड्याला ती नव्हती. ती काढूनच कवच बसवा.

आता डोंगर. इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

परदेशी कंपन्यांचे खडकाचे रबरी साचे विकत घेऊ नका. ते ग्रॅनाइटचे किंवा चुनखडीचे असतात : तिरक्या भेगा, टोकदार सुळके. सह्याद्री बेसाल्टचा आहे आणि तो लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलाय. उभा कडा, मग झाडीची उतरती पट्टी, पुन्हा उभा कडा, पुन्हा पट्टी, आणि वर सपाट पठार. तुमच्या ७५ सेंटिमीटरमध्ये असे तीन-चार मोठे टप्पे पुरे. सगळ्या लेआउटभर हे टप्पे एकाच पातळीत राहिले पाहिजेत. घळ आली की ते तुटतील, पण घळीच्या पलीकडे त्याच उंचीवर पुन्हा सुरू होतील. एवढी एक गोष्ट पाळली तरी बघणारा लांबूनच ओळखतो की हा सह्याद्री आहे.

साहित्य म्हणून थर्माकोलऐवजी इमारतींच्या इन्सुलेशनचे एक्सपीएस शीट घ्या, २५ मिलिमीटर जाडीचे. थर्माकोलचे दाणे निघतात, त्याला धार येत नाही. शीट एकावर एक आडवे चिकटवा, म्हणजे थर आपोआप तयार होतात. चिकटवायला फेव्हिकोल. रबर सोल्यूशन किंवा स्प्रे पेंट लावला तर शीट विरघळतं. कड्याचा भाग गरम तारेने कापू नका, तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत निघतो. सुरीने एक सेंटिमीटर खोल चीर द्या आणि बाकीचं हाताने मोडा. मोडलेल्या पृष्ठभागाला जो खडबडीतपणा येतो तो कोणत्याही हत्याराने येत नाही. मग तारेच्या ब्रशने वरून खाली हलके ओढे मारा, बेसाल्टला उभ्या भेगा असतात. दोन कड्यांमधली झाडीची पट्टी पस्तीस-चाळीस अंशांत उतरू द्या. जिथे मोठा डोंगर पण पोकळ हवा, तिथे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून त्यावर मेडिकलच्या दुकानात मिळणारं, हाड मोडल्यावर लावतात ते, प्लास्टरचं बँडेज ओलं करून दोन थर द्या. हलकं होतं आणि काही तासांत कडक होतं.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटकरी लाल मातीचा पातळ पट्टा असतो. तो कड्यावर दोन मिलिमीटर रुंदीचा, अधूनमधून तुटणारा असा रंगवा. एवढ्या लहान स्केलमध्ये हा लाल धागा काळ्या कातळाला जिवंत करतो. पावसाळ्यात पाणी याच सांध्यातून पाझरतं, तेव्हा पट्ट्याच्या खाली ओलसर काळे ओघळ आणि हिरवट शेवाळ दाखवा. धबधबे मात्र कड्याच्या काठावरच्या घळींतून सुरू होऊ द्या, कड्याच्या मधूनच कुठूनतरी नको.

रंगात शुद्ध काळा वापरू नका. लहान स्केलमध्ये सगळे रंग थोडे फिके आणि थोडे धुरकट लागतात. काळा, गडद तपकिरी आणि पांढरा मिसळून कोमट राखाडी करा. तो वाळल्यावर शाईचं पातळ पाणी वरून सोडा, भेगांत ते आपोआप मुरतं. शेवटी कोरड्या ब्रशने फिकट खाकी फक्त उंचवट्यांवर फिरवा. रुळालगतचं कटिंग वेगळं दिसायला हवं : तिथला कातळ सुरुंगाने फोडलेला, धारदार, त्यावर उभ्या पहारीच्या खुणा. सुईने अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर पुसट उभ्या रेघा ओढल्या की पुरे. काही बोगद्यांना घडीव दगडी कमान द्या, एखाद्याचं तोंड नुसत्या कातळातच ठेवा. बोगद्याच्या आत पहिले पंधरा सेंटिमीटर भिंती करून काळपट रंगवा, कारण डोळे तिथपर्यंत पोहोचतात. अलीकडचा काळ करणार असाल तर दरडी अडवायला कड्यावर बसवलेली लोखंडी जाळी दाखवायला हवी. त्यासाठी फ्रॉकला लावतात ते पातळ नेट राखाडी रंगवून ताणून बसवा.

ऋतू एकच निवडा आणि शेवटपर्यंत तो मोडू नका. धबधबे हवेत म्हणजे श्रावण-भाद्रपद. मग निष्पर्ण झाड एकही नको, पिवळं गवत नको, कातळ ओला, खडी गडद. भाद्रपद घेतलात तर पठारावर सोनकीच्या पिवळ्या ठिपक्यांची बारीक पखरण करता येईल, फार मोहक दिसते. कड्यांच्या पट्ट्यांत कारवी भरा : मॉडेलवर बारा ते पंधरा मिलिमीटर उंच, दाट, एकसारखी. त्यासाठी गादीचा जुना फोम पोस्टर कलरच्या पाण्यात भिजवून, वाळवून, वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरमध्ये बारीक करा. किमान चार हिरव्या छटा करा. गवताला दोन मिलिमीटरचे, स्थिर विजेने उभे राहणारे तंतू, ते खऱ्या मापात फूटभर होतात. झाडं जवळ पाच-सहा सेंटिमीटर आणि मागे जाताना दोन सेंटिमीटरपर्यंत लहान करत न्या, डोंगर आपोआप दूर जातो.

खडीसाठी नदीची वाळू मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्या. दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या खालीच हवा, नाहीतर रुळात दगडगोटे पडल्यासारखे दिसतात. पण आपल्याकडच्या वाळूत बेसाल्टमधून आलेले लोहचुंबकी काळे कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात आणि गिअरमध्ये अडकतात. वाळू कागदावर पसरून तिच्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जोरदार चुंबक काही वेळा फिरवा, निघणारी काळी भुकटी बघून थक्क व्हाल. मग खडी पसरा, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घातलेलं पाणी फवारा आणि एकास तीन फेव्हिकोल-पाणी सिरिंजने सोडा. उतरत्या रुळाची खडी आणि स्लीपर चढत्या रुळापेक्षा जास्त तांबूस रंगवा : घाट उतरताना ब्रेकच्या ठोकळ्यांची लोखंडी भुकटी तिथेच पडत आलीय.

धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉन पॉलिथीनच्या कागदावर बारीक धारांत ओढा, वाळल्यावर सोलून काढा, कड्यावर बसवा आणि कडांना पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश लावा. धार बारीक ठेवा, दोन सेंटिमीटर रुंद धबधबा खऱ्या मापात तीन मीटरच्या वर होतो. खाली ओढ्यात रेझिन ओतायचं असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा एकेक थर, आणि तोही पावसाळ्यात नको. दमट हवेत रेझिन दुधाळ होतं.

ओव्हरहेड तारेतून वीज घेऊ नका, ती फक्त दिसण्यापुरती. खरी तार बारा मिलिमीटरच्या आसपास जाड, म्हणजे मॉडेलवर ०.०७. तेवढी बारीक हाताळता येत नाही, ०.१५ ची फॉस्फर ब्राँझ तार वापरा आणि इंजिनाच्या टपावरचा पँटोग्राफ तारेच्या केसभर खाली बांधून टाका. वायरिंगबद्दल फार सांगत नाही : दर मीटरला रुळाला वीज जोडा, लपलेल्या वळणांवर तर नक्कीच.

मागच्या भिंतीवरच्या चित्रात त्रिकोणी शिखरं काढू नका. सह्याद्रीची आकाशरेषा सपाट पठारांची, पायऱ्यांची आणि मधूनच एखाद्या नागफणीसारख्या सुळक्याची असते. दूरचे डोंगर निळसर राखाडी आणि फिके, शेवटचे जवळजवळ ढगात मिसळलेले. फ्लेक्सवर छापून घेणार असाल तर मॅट कागद मागा, चकचकीत फ्लेक्सवर दिवे चमकतात. दिवे पुढून, वरून आणि लपलेले, रंग चार ते पाच हजार केल्विन. पावसाळी दिवसाला गडद सावल्या नसतात, म्हणून एका बल्बऐवजी पूर्ण लांबीची एलईडी पट्टी.

लपलेल्या प्रत्येक रुळापर्यंत तुमचा हात पोहोचलाच पाहिजे. हात आत जेमतेम ६० सेंटिमीटर जातो, तेव्हा दोन्ही टोकांच्या डोंगरांचे माथे झाकणासारखे उचलता येतील असे करा आणि त्यांची फट कारवीच्या पट्टीत लपवा. खालच्या बाजूनेही एक खिडकी ठेवा. गाडी घसरते ती नेमकी बोगद्यातच.

खरेदीचा क्रम असा ठेवा : आधी एक चांगलं इंजिन, सहा डबे आणि चार-पाच फ्लेक्सिबल रूळ, चाचणीच्या फळीसाठी. मग चौकटीचं लाकूड आणि प्लाय. सांधे, डीसीसी आणि बँकर त्यानंतर. शक्य असेल तर त्याआधी एक दिवस काढून पुण्यात कोथरूडचं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या आणि तिथे गाड्या चालवणाऱ्यांशी बोला. दुसरा दिवस घाटाला द्या : सकाळच्या गाडीने कर्जतहून लोणावळ्याला जा, जाताना कातळाच्या बाजूला बसा आणि येताना दरीच्या, आणि दर बोगद्यानंतर पहिल्यांदा काय दिसतं ते लिहून ठेवा. त्या टिपणातली सलग तीन दृश्यं निवडा, बारा फुटांत तेवढीच मावतात.